पॅनमनचं बोट

काका साखर उजेडात धरून बघितल्याशिवाय घरात घेत नसत. दिंद्रुडला त्यांच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत मी भाड्यानं राहायला गेले त्या दिवशी काकूंनी चहा टाकला होता. किराणा दुकानातून आणलेली साखरेची पुडी काकांनी दारातच उघडली, खिशातून काचेची एक पट्टी काढली, तिच्यावर चिमूटभर साखर पसरली, सूर्याकडे धरली आणि पुडी पुन्हा बांधून टाकली.

"परत देऊन येतो. दाणा एकसारखा न्हाई."

"अवो, चहा करायचाय, पोरगी न्हाई दाखवायची," काकू म्हणाल्या.

काका तरीही गेले. मी तासभर बिनसाखरेच्या चहाकडे बघत बसले आणि मनाशी नोंद केली की या घरात दोन माणसं आहेत, त्यातलं एक ठीक आहे.

ते सहकारी साखर कारखान्यात पॅनमन होते. पॅन म्हणजे दोन माणसं उंचीचं बंद भांडं. उसाच्या रसाचा पाक त्यात शिजवून साखरेचा दाणा तयार करायचा, हे पॅनमनचं काम. आत काय चाललंय ते धड दिसत नाही. म्हणून पॅनमन मधूनमधून आतला थेंब बाहेर काढतो, काचेवर घेतो, उजेडात बघतो आणि अजून किती शिजवायचं ते ठरवतो. काकांनी हे सत्तावीस वर्षं केलं होतं. मी गेले तेव्हा मात्र सलग दुसऱ्या वर्षी पाऊस झाला नव्हता. होता तेवढा ऊस चारा छावणीतल्या जनावरांनी खाल्ला होता आणि कारखान्याचं धुराडं दोन हंगाम थंड होतं. काकांच्या नोकरीची तीन वर्षं उरली होती. "पुढल्या साली बॉयलर पेटतोय बघ," असं ते आठवड्यातून एकदा तरी काकूंना ऐकवत, आणि काकू "पेटू द्या, पण तवर अंघोळीचं पाणी तेवढं बेतानं घ्या," असं त्यांना ऐकवत.

कारखाना बंद होता, पण काकांची शिफ्ट बंद नव्हती. बरोबर आठला खाकी पँट चढवून ते घराबाहेर पडत, गावातून एक फेरी मारत आणि पुढची शिफ्ट असल्यासारखे चारला पुन्हा निघत. निघण्याआधी चार्ज द्यायचा. कारखान्यात शिफ्ट बदलताना जाणारा माणूस येणाऱ्याला सगळं सांगून जातो, तसं ते काकूंना सांगत. "एक नंबर ड्रम भरलेला, दोन नंबर अर्धा, डाळीच्या दोन शिट्ट्या झाल्या, मांजर आत हाय. घेतला चार्ज?" काकूंनी "घेतला" म्हटल्याशिवाय पाऊल उंबऱ्याबाहेर पडत नसे. काकू शेजारी गेल्या असतील तर हा चार्ज मला मिळे. मांजर आत आहे ही जबाबदारी घेऊन मी कित्येकदा कामाला उशिरा पोचले आहे.

त्यांची आणखी एक खोड म्हणजे बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघणं. आपण बोलता बोलता मान फिरवली की ते चालत पुढे येऊन पुन्हा आपल्या समोर उभे राहत. टँकरच्या रांगेत गल्लीतल्या बायकांना हे विचित्र वाटे आणि त्या पदर ओढून घेत. काकूंचं उत्तर ठरलेलं होतं. "पॅनकडं बघून बघून नजर तशी झालीय त्यांची." मीही ते खरं मानलं होतं.

आता माझं सांगते. दूध संघाच्या शीतकरण केंद्रात मी कॉम्प्युटरवर बसत असे. लोकांनी जनावरं विकून टाकली होती, त्यामुळे सकाळी नऊला केंद्रात दूध कमी आणि माणसं जास्त अशी परिस्थिती. अकराला माझं काम संपे. रिकामटेकडेपणाला काय सुचेल सांगता येत नाही. मी मोबाइलवर केंद्रातले आवाज टिपायला लागले. रिकाम्या कॅनचा ठणका, झाकणाची घासाघीस, थंड करणाऱ्या कॉम्प्रेसरची घरघर. खोलीवर येऊन ते लॅपटॉपमध्ये घालायचे, कापायचे, ताणायचे आणि त्यातून एक ट्रॅक उभा करायचा. औरंगाबादला कॉलेजात असताना हे खूळ डोक्यात शिरलं ते तसंच राहिलं. माझे वडील सिरसाळ्याला शेती करत. त्यांना वाटे मी डीजे होणार आणि लोकांच्या वरातीपुढे टेम्पोवर उभी राहणार. त्यांनी माझा ट्रॅक एकदा ऐकला आणि "झालं का?" एवढंच विचारलं.

पुण्याला घरी संगीत करणाऱ्या मंडळींचा एक कार्यक्रम होता. मेअखेरपर्यंत ट्रॅक पाठवायचा, निवड झाली तर सभागृहात मोठ्या स्पीकरवर वाजणार. केंद्रातलं माझं कंत्राटही तेव्हाच संपणार होतं. त्यानंतर सिरसाळा, आणि सिरसाळ्यात पाहुण्यांपुढे पोह्यांच्या बशा. ही निवड झाली तर मला घरी "थांबा जरा" म्हणायला तोंड होतं. नाही झाली तर नव्हतं.

ट्रॅक तयार होता, पण साफ नव्हता. सगळे आवाज एकमेकांच्या अंगावर बसले होते. आम्हा घरगुती संगीतकारांचा इंटरनेटवर एक ग्रुप होता, तिथे ट्रॅक टाकला की लोक मत देत. एकानं लिहिलं, खालचा आवाज कमी कर. दुसऱ्यानं लिहिलं, खालचा आवाज अजून वाढव. तिसऱ्यानं लिहिलं की ट्रॅकमध्ये ऊब नाही. एप्रिल महिना, डोक्यावर पत्रा, लॅपटॉपखाली ओलं फडकं घालून मी बसलेले, आणि या गृहस्थाला ऊब पाहिजे होती. प्रत्येकाचं ऐकून मी ट्रॅकची पार खिचडी करून टाकली.

काका या भानगडीत आले ते गच्चीवरच्या ड्रमचं झाकण बघायला म्हणून. दारात थांबले. पडद्यावर आवाजांच्या रंगीत पट्ट्या होत्या आणि त्यांच्यावरून एक उभी रेघ सरकत होती.

"काय शिजवतीस, माय?"

"गाणं," मी म्हटलं. दुसरा शब्द त्यांना काय सांगणार.

"किती येळ लागतोय शिजाया?"

"तीन महिने झाले. जमत न्हाई."

हे ऐकल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर अशी आस्था आली की जणू मी आजारी आहे. गच्चीतलं एक रिकामं पिंप उपडं करून ते माझ्यासमोर बसले. शेजारी नाही, समोर. लॅपटॉप मी जरा तिरका केला. "लाव," म्हणाले. मी लावला. चार मिनिटांत ते हलले नाहीत. संपल्यावर उठून पडद्याजवळ आले आणि एका जागी बोट ठेवलं.

"हितं."

"हितं काय?"

"हितं घाई केलीस."

मी ती जागा पुन्हा ऐकली. कॉम्प्रेसरची घरघर पुरती यायच्या आधीच मी ठेका घुसवला होता. ग्रुपवर चाळीस जणांनी ऐकलं होतं आणि कुणाला ते दिसलं नव्हतं. मी ठेका थोडा पुढे सरकवला आणि ट्रॅकला जागा मिळाली.

मग ते रोजचंच झालं. चारच्या शिफ्टला निघण्याआधी काका वर येत, पिंपावर बसत आणि "लाव" म्हणत. ते कधीही काय चुकलं ते सांगत नसत, फक्त कुठे ते सांगत. "हितं." कधी वर एखादं वाक्य. "हितं तुजाच इस्वास न्हाई." "हितं कुणाचं तरी ऐकून केलंस." मी त्या जागेशी तास तास झगडे आणि दर वेळी तिथे काहीतरी खरंच सापडे. मी ग्रुपवर जाणं सोडलं. पुण्याच्या लोकांकडे हजारो रुपयांचे स्पीकर होते, माझ्याकडे पॅनमन होता. मला फार गर्व झाला होता, हे कबूल करते.

शेवटी एकच जागा उरली. दुसऱ्या मिनिटाच्या जरा पुढे मी एक झुळझुळीत काम केलं होतं. रिकाम्या कॅनचा एक ठणका घ्यायचा, उलटा फिरवायचा, त्याचे बारीक बारीक तुकडे करायचे आणि ते डाव्या-उजव्या कानात उधळायचे. ग्रुपवर सगळ्यांचं एकमत झालेली तेवढी एकच गोष्ट होती. पण काकांचं बोट रोज तिथेच येई. "आजून हितंच हाय." मी त्याचा आवाज कमी केला, जास्त केला, मागे ढकलला, पुढे आणला. बोट हलेना.

एका दुपारी मी कामावरून आल्यापासून हेडफोन लावून त्याच जागेशी झटत होते. काका आले, बसले, "लाव" म्हणाले. मी लावला. दोन मिनिटं झाली आणि शेवटाची वाटही न बघता त्यांनी बोट पुढे केलं. मी भडकले. इथे काहीही चूक नाही, सगळ्यांना हेच आवडलंय, तुम्हाला ही तऱ्हा माहीत नाही, असं ताडताड बोलत मी कानावरचा हेडफोन ओढून काढला. खोलीत शांतता होती. रेघ सरकत होती, ट्रॅक चालू होता आणि स्पीकरमधून काहीही येत नव्हतं. हेडफोनची पिन लॅपटॉपमध्ये तशीच राहिली होती. काका दोन मिनिटं अगदी मन लावून काहीच ऐकत नव्हते.

"काका, आवाज बंद होता."

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग त्यांनी स्पीकरकडे पाहिलं. "खाली ड्रम उघडा हाय," असं म्हणून ते जिन्यानं उतरले.

मला काय वाटलं ते लपवत नाही. मला फसवल्यासारखं वाटलं. एका बहिऱ्या माणसाच्या बोटावर मी माझा ट्रॅक कापत बसले होते. मेअखेर पंधरा दिवसांवर आली होती आणि माझ्या हातात काय होतं? मी तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. सकाळी ते चार्ज द्यायला जिन्याखाली उभे राहत आणि मी पाण्याची कळशी घेऊन त्यांच्या शेजारून निघून जाई. काकूंनी एकदा "काय झालं गं?" विचारलं, तर "काही न्हाई" म्हटलं.

चौथ्या दिवशी काका न बोलावता वर आले. पिंपावर बसले नाहीत, उभेच राहिले.

"समोर बसून बोललं तर निम्मं ऐकू येतंय," म्हणाले. "निम्मं तोंडावरून कळतंय. ट्रॅक्टर समदा येतोय."

"कशानं झालं?"

"साखर आन मळी येगळी करायची मशिनं आस्त्यात. गरगर फिरत्यात, कान फाटंल आसा आवाज. पॅन मोकळा केला की म्या तितंच जाऊन हुबा, आपला दाणा कसा निगला बघाया. लई वर्सं."

"मग सांगितलं कावून न्हाई?"

"हंगामाच्या आदी तपासणी आस्ती. कळलं तर घरी बसवत्यात, तीन सालं ऱ्हायलीत माजी. तुज्या काकूला ठावं हाय, दुसऱ्या कुणाला न्हाई." मग ते खाली बघत म्हणाले, "आन तुला सांगितलं आस्तं तर तू लावायची बंद झाली आस्तीस."

माझा राग तिथेच अर्धा उतरला. पण मला उत्तर हवं होतं.

"ऐकू येत न्हाई तर चुका कशा काढत होता तुमी?"

"तुज्याकडं बघून," काका म्हणाले. त्यात विचारण्यासारखं काय आहे, असा चेहरा. "पॅन बंद आसतोय, माय. आत काय चाललंय ते थेंबावरून वळखायचं. तू बसलीस ऐकत, की बरी जागा आली का तू गप आस्तीस. नजर कुटंतरीच. हाताची बोटं बी हालत न्हाईत. आन वंगाळ जागा जवळ आली की तू बोलाया लागतीस. 'काका, हितं म्या आसं केलंय, तसं केलंय.' दुसऱ्या मिनिटाला तर तू लईच बोलतीस."

खरं होतं ते. ती झुळझुळ माझी नव्हती. परदेशी कुणाच्या तरी ट्रॅकमध्ये ऐकून मी ती जशीच्या तशी उचलली होती, आणि ती आली की माझी मलाच लाज वाटे, म्हणून मी बडबड करी. चाळीस जणांच्या चांगल्या कानांना फसवता आलं होतं. समोर बसून माझ्या तोंडाकडे बघणाऱ्या माणसाला नाही आलं.

मी ती झुळझुळ पूर्ण काढून टाकली. तिथे खाली कॉम्प्रेसरची घरघर तेवढी राहू दिली आणि मध्ये एका कॅनचा साधा ठणका ठेवला, केंद्रात वाजतो तसाच. लावला. काका पिंपावर बसले. दुसरं मिनिट आलं आणि गेलं. मी गप्प होते. रेघ पुढे सरकली, शेवटाला पोचली आणि काकांचं बोट त्यांच्या गुडघ्यावरच होतं.

"शिजलं," ते म्हणाले.

त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल जी माया वाटली ती तोवर मला घरातल्याही कुणाबद्दल वाटली नव्हती. माझ्या वडिलांनी माझा ट्रॅक चांगल्या कानांनी ऐकला होता आणि "झालं का?" विचारलं होतं.

निवड झाली. कंत्राट संपूनही मी निकालासाठी खोलीवर थांबले होते. पत्र आलं तेव्हा काकूंनी परस्पर ठरवून टाकलं की आपण तिघं जायचं, कारण त्यांना पुणं बघायचं होतं. मांजर आणि ड्रमांचा चार्ज शेजारणीला दिला गेला, तो देताना अर्धा तास लागला. रविवारी दुपारी कार्यक्रम होता. अंधारलेलं सभागृह, गार हवा, ओल्या मातीच्या रंगाचे कपडे घातलेली सभ्य माणसं. माझा ट्रॅक लागला आणि आमच्या केंद्राचा कॉम्प्रेसर त्या माणसांच्या खुर्च्यांखाली घरघरायला लागला. सगळे डोळे मिटून किंवा छताकडे बघत ऐकत होते. काका तेवढे मान वळवून, कडेला भिंतीशी उभ्या असलेल्या माझ्याकडे बघत होते. मी एकदाही तोंड उघडलं नाही. टाळ्या झाल्या. काकू म्हणाल्या, "छातीत धडधडलं, पन चांगलं हुतं." आयोजक बाईंनी मला पुण्यात थांबून काम शिकायला याल का, असं विचारलं, आणि मी घरी न विचारता हो म्हणून टाकलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही परळीच्या एसटीनं परत निघालो. तीन माणसांच्या बाकावर खिडकीशी काकू, मध्ये काका आणि कडेला मी. काकूंना गेवराईच्या आधीच झोप लागली. बीडला गाडी भरली. आमच्या पुढच्या बाकावर कारखान्याचे हजेरी ठेवणारे टाइमकीपर येऊन बसले, त्यांच्याबरोबर कारखान्यातलेच दोघं होते. ते मागे वळून काकांना म्हणाले, "आवंदा पाऊस बरा सांगितलाय. बॉयलर पेटतंय. तपासणीची यादी निगाली, तुमचं नाव हाय." काकांनी त्यांच्या ओठांवर नजर ठेवून "हां, बरं" म्हटलं. ते पुन्हा पुढे वळले. त्यांना काही कळलं नव्हतं.

वडवणी मागे पडली आणि काका माझ्याकडे वळले.

"माय, येक इचारू? काल ते समद्यांनी ऐकलं. ते नेमकं वाजतंय कसं गं?"

इतक्या महिन्यांत त्यांनी हे विचारलं नव्हतं, आणि मला, चांगल्या दोन कानांच्या बाईला, ते सांगायचं सुचलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. मी घाईघाईनं, आवाज न करता, नुसते ओठ हलवून सांगायला लागले. त्यांनी मान हलवली.

"तोंडावरून नगं. कानात सांग. ह्या डाव्या. मोठ्यानं, ट्रॅक्टरवानी."

मी डोळ्यांनीच पुढच्या बाकाकडे खुणावलं. काकांनी टाइमकीपरच्या डोक्यामागे क्षणभर पाहिलं. यादी, तपासणी, तीन वर्षं, सगळं त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

"ऐकू दे त्याला बी," ते म्हणाले, आणि डावा कान माझ्यापुढे केला.

मी दोन्ही हातांचा द्रोण करून त्यांच्या कानाशी धरला आणि छातीतून कॉम्प्रेसर सुरू केला. घूंऽऽऽ. गाडीच्या इंजिनाच्या वर आवाज काढायचा म्हणजे ओरडावंच लागत होतं. मग ठेका, तोंडानं. मग झाकणाची घासाघीस, दातांतून. तिकीट फाडता फाडता कंडक्टर थांबला. मागच्या बाया हसल्या आणि मग हसायच्या थांबल्या. टाइमकीपर पूर्ण मागे वळले. त्यांनी माझे हात बघितले, हातांत धरलेला कान बघितला, आणि त्यांना कळलं. त्यांना कळलेलं काकांनी बघितलं. मी थांबणार होते, पण काकांनी माझं मनगट धरून हात तिथेच ठेवला.

दुसरं मिनिट आलं. मी नुसती घरघर चालू ठेवली आणि तिच्यावर एकच ठणका दिला, जमेल तेवढ्या जोरानं. तेव्हा काकांनी डोळे मिटले. त्या माणसानं ओळख झाल्यापासून माझ्या तोंडावरची नजर कधी काढली नव्हती. आता ते मिटल्या डोळ्यांनी, मान जराशी कलती करून, एसटीच्या हादऱ्यांसकट ऐकत होते आणि त्यांचे ओठ माझ्या ठेक्यावर हलत होते.

ट्रॅक संपला. माझा घसा बसला होता. सगळी गाडी आमच्याकडे बघत होती. काकांनी डोळे उघडले नाहीत.

"आजून येकदा," ते म्हणाले.